दाराच्या आतली जागा जुन्या फर्निचरने लावताना: मोजपट्टीपासून मेणाच्या हातापर्यंत

घरात सगळ्यात जास्त राबते ती दाराच्या आतली चार-पाच फूट जागा. ओल्या छत्र्या, चिखलाचे बूट, किल्ल्या, हेल्मेट, पार्सलं, दप्तरं, सगळं आधी तिथेच आदळतं. आणि नेमकी हीच जागा लोक हात लावायला भीती वाटेल अशा नाजूक वस्तूंनी भरतात. पंधरा दिवसांत त्या कोरीव टेबलावर कुरियरची खोकी चढतात, आणि मग दोष टेबलाला मिळतो.

माझं म्हणणं एवढंच आहे की दारात ठेवायची जुनी वस्तू कामाला जुंपता आली पाहिजे. नुसती बघायची असेल तर तिला बैठकीच्या खोलीतला सुरक्षित कोपरा द्या. शंभर वर्षांवरची वस्तू अँटिक आणि त्याअलीकडची, पण आपल्या काळाचा चेहरा असलेली ती व्हिंटेज, असा हिशोब व्यापारात ढोबळमानाने चालतो. किंमत ठरवायला तो उपयोगी आहे. दारातल्या वापराच्या दृष्टीने मात्र शंभर वर्षांच्या हलणाऱ्या टेबलापेक्षा साठ वर्षांचा ठणठणीत लोखंडी लॉकर केव्हाही बरा.

पहिली पायरी: आधी मोजमाप, मग खरेदी

दुकानात एखादी वस्तू डोळ्यांत भरली की घरातली जागा आपोआप मोठी वाटायला लागते, म्हणून मापं आधीच लिहून खिशात ठेवायची. दार पूर्ण उघडल्यावर त्याची कड कुठवर येते, मूठ भिंतीपासून किती पुढे राहते, विजेची बटणं आणि मीटरची पेटी कुठे आहे, खालची स्कर्टिंग, म्हणजे भिंतीच्या तळाची पट्टी, भिंतीच्या किती बाहेर आली आहे, हे सगळं कागदावर हवं. स्कर्टिंगचं माप हमखास विसरतं. जुन्या फर्निचरच्या मागच्या पायांना तिच्यासाठी खाच नसते, त्यामुळे वस्तू भिंतीला टेकतच नाही आणि एक-दोन सेंटिमीटर जागा फुकट जाते.

चालायला ९० सेंमी मोकळी वाट ठेवा. अगदीच अडचण असेल तर ७५ सेंमी, त्याखाली नको. दार हा आग लागल्यावर बाहेर पडायचाही रस्ता आहे. अंधारात, घाईत, धुरात तिथून माणसं सुटली पाहिजेत. वाट सोडून भिंतीपासून पुढे जेवढी जागा उरते, तेवढ्या खोलीचं फर्निचर ठरतं. बहुतेक घरांत हा आकडा ३० ते ३५ सेंमी निघतो आणि तो ऐकून लोक हिरमुसतात. पण एवढ्या खोलीच्या जुन्या वस्तू भरपूर मिळतात, कारण अरुंद प्रवेशमार्ग ही काही आजची अडचण नाही.

आता जमिनीवर मास्किंग टेपने वस्तूची चौकट आखा आणि तिच्यात पुठ्ठ्याची खोकी तितक्याच उंचीची रचून आठवडाभर तशीच राहू द्या. कोपर कुठे आपटतं, पिशवी कुठे अडकते, मूल कुठून धावतं, हे त्या आठवड्यात कळतं. बाहेरून आत येण्याचा रस्ताही मोजा: लिफ्टचं दार, जिन्याचं वळण, घराच्या दाराची रुंदी. जुने हॉलस्टँड (कोट-छत्र्या टांगायचे उभे स्टँड) आणि कपाटं सुटी होतील अशी केलेली असतात, पण सगळीच नाही. एकसंध वस्तू जिन्याच्या वळणावर अडकली की तिचा पाय कापायची वेळ येते.

त्याच आठवड्यात दाराशी काय काय साठतं त्याची यादी करा. खरी यादी, आदर्श घरातली नव्हे. सहा जोड बूट आणि दोन हेल्मेट असतील तर तसंच लिहा.

दुसरी पायरी: एकच मुख्य वस्तू

छोट्या जागेत तीन दिमाखदार जुन्या वस्तू ठेवल्या की ती भंगाराच्या गोदामासारखी दिसायला लागते. मुख्य वस्तू एक. आरसा, खुंट्या, दिवा ही मंडळी तिच्या मदतीला. ती एक कोणती, हे यादीवरून ठरतं.

कोट, छत्र्या आणि टोप्यांचा पसारा असेल तर हॉलस्टँडला तोड नाही. एकोणिसाव्या शतकातल्या युरोपात ही वस्तू खास या जागेसाठीच घडली: मध्ये आरसा, बाजूला खुंट्या, खाली छत्र्यांसाठी कडं आणि गळणारं पाणी झेलायला बिडाचं तबक. इंग्लंडमधल्या कोलब्रुकडेलच्या ओतशाळेने अख्खे ओतीव लोखंडाचे हॉलस्टँड बनवले, आणि ख्रिस्तोफर ड्रेसरसारख्या नामवंत डिझायनरने त्यांच्यासाठी रचना केल्या. आज लाकडी हॉलस्टँड घेताना सगळ्यात आधी ते तबक शोधा, कारण तेच हरवलेलं असतं. तबकाशिवाय छत्रीचं पाणी थेट लाकडात मुरतं आणि तळाची फळी कुजते. तबक नसेल तर पितळी किंवा जस्ताच्या पत्र्याचं मापाने करून घ्या. उंचीही बघा, यांतले पुष्कळसे दोन मीटरच्या वर जातात आणि वरची कोरीव कमान छतात घुसते.

बूट घालायला बसायची सोय हवी असेल तर झाकणाचा बाक किंवा पेटी. बैठकीची उंची ४५ सेंमीच्या आसपास हवी. चाळीसच्या खाली गेली तर गुडघे दुखणाऱ्या माणसाला उठताना भिंत धरावी लागते. जुन्या झाकणांना आधार नसतो. ती धाडकन बंद होतात आणि बोटं चिरडतात, म्हणून आतून सावकाश मिटणारा आधार बसवून घ्या. पेटी घेत असाल तर झाकण सपाट हवं. गोल झाकणाच्या पेट्या दिसतात सुंदर, पण त्यांच्यावर ना बसता येतं ना पिशवी ठेवता येते. बंद पेटीत ओले बूट कधीच टाकू नका. पाठीच्या फळीत आधीच फटी असतील तर त्या बुजवू नका, त्यांतूनच हवा खेळते.

किल्ल्या, टपाल, पाकीट एवढंच ठेवायचं असेल तर अर्धचंद्राकृती टेबल. त्याला कोपरे नसतात, त्यामुळे अरुंद वाटेत ते भिंतीला बिलगून राहतं आणि कुणाच्या मांडीला लागत नाही. अशा काही टेबलांचं वरचं पान उघडून पूर्ण गोल होतं आणि एक पाय फिरून त्याला आधार देतो. तो पाय जिथे फिरतो तिथली बिजागरी लाकडाचीच असते आणि शंभर-दीडशे वर्षांत ती झिजलेली असते. उघडून, दाबून, हलवून बघा.

हॉलचेअर नावाची खुर्ची मला विशेष आवडते, ती बसायला वाईट असते तरी. मोठ्या घरांच्या प्रवेशदालनात निरोपे आणि नोकर ताटकळत बसायचे; बाहेरचे मळके कपडे गादीला लागू नयेत म्हणून बैठक नुसत्या लाकडाची, आणि मालकाचा रुबाब कळावा म्हणून पाठीवर घराण्याचं चिन्ह. आज बूट घालायला दोन मिनिटं टेकायला आणि रोज ओल्या फडक्याने पुसायला हीच खुर्ची सोयीची.

वाकवलेल्या लाकडाच्या वस्तूही दारात छान काम करतात. मिखाएल थोनेट यांची १८५९ मधली १४ क्रमांकाची खुर्ची लाकडाचे सहा भाग, दहा स्क्रू आणि दोन नट एवढ्यात उभी राहते. सुट्या केलेल्या ३६ खुर्च्या एक घनमीटरच्या खोक्यात मावायच्या. या घराण्याचे कोट टांगायचे उभे स्टँडही त्याच पद्धतीचे. जोड सरसाने नव्हे तर स्क्रूने धरलेले असल्यामुळे सैल झालेली वस्तू घरीच आवळता येते. नकला अमाप आहेत, पण चांगली नक्कलही दारात चांगलीच चालते. बघायचं ते एवढंच, की वळणाच्या बाहेरच्या बाजूला उभी चीर नको. ती दुरुस्त करणं कटकटीचं असतं. आणि अशा स्टँडवर सगळे जड कोट एकाच बाजूला टांगले तर तो पालथा होतो.

घरात मुलं असतील तर अँटिकच्या मोहात न पडता कार्यालय, शाळा किंवा कारखान्यातून निघालेल्या व्हिंटेज वस्तूंकडे वळा. टपाल वर्गीकरणाचे खणाखणांचे रॅक, कामगारांचे लोखंडी लॉकर, वाचनालयातली कार्डांची लहान लहान खणांची कपाटं. या वस्तू मुळातच धसमुसळेपणा सोसायला बनवलेल्या. रॅकमध्ये चपला, लॉकरमध्ये दप्तरं, कार्डांच्या खणांत किल्ल्या आणि चार्जर. पायाने चालवायच्या शिलाई मशीनचा ओतीव सांगाडाही वर फळी टाकली की अरुंद टेबल होतो. त्याचं चाक आणि पायटं मात्र तारेने किंवा बोल्टने पक्कं करा. फिरत राहिलं तर लहान बोटं त्यात जातात.

तिसरी पायरी: वस्तू उलटी करून बघा

पुढून सगळंच सुंदर दिसतं. खरं काय ते पाठ, तळ आणि खणांच्या आतून कळतं. सोबत बॅटरी, टेप आणि छोटं भिंग ठेवा, आणि विक्रेत्याला न लाजता वस्तू आडवी करायला सांगा. तो नाही म्हणाला तर पुढच्या दुकानात जा.

सुरुवात स्क्रूपासून करा. क्रॉस खाचेचे फिलिप्स स्क्रू १९३० च्या दशकात आले. ‘दीडशे वर्षं जुन्या’ टेबलाला ते सगळीकडे दिसले तर एक तर दुरुस्ती झाली आहे किंवा वय खोटं आहे. साधारण १८५० च्या आधीच्या स्क्रूंचं टोक बोथट असतं आणि डोक्यावरची खाच बरेचदा मध्यापासून सरकलेली असते. गोल तारेचे खिळे एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी सर्रास झाले. त्याआधीचे खिळे चौकोनी छेदाचे. मागच्या फळीवर कमानीसारखे ओरखडे असतील तर ती गोल यांत्रिक करवतीने कापली आहे, म्हणजे एकोणिसाव्या शतकाच्या आधीची असण्याची शक्यता फार कमी. यातली एकच खूण बघून निकाल देऊ नका, कारण जुन्या वस्तूला नवा स्क्रू लागतोच. चार खुणा एकाच दिशेला बोट दाखवतात का, ते बघा.

गोल टेबलाची एक सोपी परीक्षा आहे. लाकूड वर्षानुवर्षं रेषांच्या आडव्या दिशेने आकसतं, लांबीच्या दिशेने जवळपास नाही. म्हणून खरोखर जुनं, अखंड लाकडाचं गोल पान टेपने मोजलं की रेषांच्या आडवं माप थोडं कमी भरतं. दोन्ही मापं मिलिमीटरपर्यंत जुळली तर प्रश्न विचारायला हरकत नाही. मात्र प्लायवूडवर पातळ पत्री चिकटवलेल्या पानाला ही कसोटी लागू होत नाही.

खण पूर्ण बाहेर काढा. कोपऱ्यातले डव्हटेल सांधे, म्हणजे पाखराच्या शेपटीसारखे एकमेकांत अडकवलेले दाते, हाताने कापलेले असतील तर ते थोडे असमान आणि संख्येने कमी असतात. यंत्राचे अगदी एकसारखे. खणाच्या खालच्या कडा जिथे घासतात तिथे झीज हवी, आणि तिला जोडीदार म्हणून आतल्या पट्टीवरही तितकीच. मुठी बदलल्या असतील तर पुढच्या फळीच्या आतून जुनी, बुजवलेली भोकं दिसतात. हा काही मोठा दोष नाही, फक्त किमतीत धरायचा. जास्त सावध राहायचं ते वरचा भाग एका वस्तूचा आणि खालचा दुसऱ्याचा असेल तेव्हा. दोन्ही भागांची पाठ शेजारी ठेवून लाकूड, रंग आणि फळ्यांची जाडी ताडून बघितली की असं जोडकाम लपत नाही.

मग कीड. लाकूड पोखरणाऱ्या भुंगेऱ्याची भोकं एक ते दोन मिलिमीटरची, गोल. नुसती भोकं म्हणजे किडा आत आहे असं नव्हे, ती त्याच्या बाहेर पडण्याच्या वाटा. भोकांच्या कडा फिकट, धारदार असतील आणि वस्तू काळ्या कागदावर ठेवून ठोकल्यावर ताजा पिवळसर भुसा पडत असेल, तर आत अजून वस्ती आहे. पायाचं लाकूड अंगठ्याने दाबून बघा. भुसभुशीत लागलं तर सोडून द्या.

शेवटी वस्तू सरळ उभी करा, वरची कड धरून आडवी ढकला. झोके घेत असेल तर सांधे सुटलेत. सुटलेला सांधा दुरुस्त होतो, मोडलेलं कुसू (सांध्यात खोचलेलं लाकडाचं टोक) महागात पडतं. सांध्याशी लोखंडी पट्ट्या आणि खिळे मारलेले दिसले तर आधीच्या मालकाने घाईत काम उरकलं आहे आणि ते उलगडायला सुताराचा दिवस जाणार.

परदेशातून मागवत असाल तर एक गोष्ट आधी तपासा. डालबर्गिया कुळातली रोझवूड झाडं २०१७ पासून साइट्स या वन्य प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आहेत (ब्राझिलियन रोझवूड तर त्याहून कडक पहिल्या परिशिष्टात), आणि हस्तिदंत किंवा कासवाच्या कवचाचं जडावकामही कडक नियमांत येतं. कागदपत्रांशिवाय अशी वस्तू सीमेवर अडकू शकते. जुन्या वस्तू देशाबाहेर नेण्यावरही अनेक देशांचे निर्बंध असतात. विक्रेत्याच्या तोंडी हमीवर जाऊ नका.

चौथी पायरी: घरात घेतल्यावर लगेच पॉलिशला देऊ नका

जुन्या वस्तूचं सगळ्यात जास्त नुकसान उत्साही मालकाच्या सॅंडपेपरने होतं. वरचा काळपट, मऊ चकाकीचा थर घडायला पिढ्या लागतात आणि तो यंत्राने अर्ध्या तासात निघून जातो. परत येत नाही. वस्तूचं मोलही त्याबरोबर उतरतं.

आधी काही आठवडे ती बाकीच्या फर्निचरपासून लांब ठेवा आणि खाली कागद पसरून भुसा पडतो का बघा. छोट्या लाकडी वस्तूंना, म्हणजे चौकट, पेटी, खुंट्यांची पट्टी यांना, प्लास्टिकमध्ये हवाबंद गुंडाळून घरगुती डीप फ्रीजरमध्ये उणे १८ अंशांवर दोन आठवडे ठेवलं की आतली कीड मरते. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडू नका. वस्तू खोलीच्या तापमानाला येऊ द्या, नाहीतर थंड लाकडावर दव धरतं. मोठ्या वस्तूसाठी कीडनियंत्रणवाल्यालाच बोलवा.

सफाई कोरडी सुरू होते. मऊ ब्रश, मग किंचित दमट सुती फडकं. अजून मळ असेल तर कोमट पाण्यात सौम्य साबणाचे दोन थेंब, फडकं घट्ट पिळून, आणि लगेच कोरडं. एवढ्यानेच निम्म्या वस्तू उजळतात.

त्याहून पुढे जायचं तर वर कसलं पॉलिश आहे ते माहीत हवं. तळाच्या न दिसणाऱ्या जागी कापसाच्या बोळ्याने थोडं स्पिरिट लावा. थर चिकट होऊन बोळ्यावर तांबूस रंग आला तर ते लाखेचं पॉलिश. ते विरघळतं, म्हणूनच दुरुस्त करायला सोपंही असतं: नवा थर जुन्यात मिसळून जातो. पण त्याला पाणी आणि मद्य दोन्ही चालत नाहीत. ओला पेला ठेवला की पांढरं वर्तुळ उमटतं. वर्तुळ पांढरं असेल तर ते वरच्या थरातच असतं आणि मेण लावून मऊ कापडाने शांतपणे चोळल्यावर पुष्कळदा फिकं पडतं. काळा डाग मात्र लाकडात उतरलेला असतो. त्याच्याशी झगडू नका, त्यावर ट्रे ठेवा.

सुटलेले सांधे जोडताना सुताराला सरस वापरायचा आग्रह धरा. प्राणिज सरस उष्णता आणि ओलाव्याने पुन्हा सुटतो, त्यामुळे पुढच्या दुरुस्तीला लाकूड न फोडता सांधा उघडता येतो. आधुनिक डिंक आणि इपॉक्सी मजबूत असतात, पण जोड चुकीचा बसला तर तो तसाच राहतो.

रंगवलेल्या वस्तूंबद्दल खास सावधगिरी. जुन्या तैलरंगात शिसं असण्याची शक्यता मोठी आहे. अमेरिकेत घरगुती रंगातून ते १९७८ मध्ये हद्दपार झालं, अनेक ठिकाणी त्यानंतर. शिशाच्या तपासणीचं किट आणून बघा. शिसं निघालं तर कोरडं घासणं आणि हीटगन पूर्ण बंद. रंग घट्ट असेल तर वर पारदर्शक थर देऊन तो आत बंदिस्त करता येतो, पोपडे सुटत असतील आणि घरात लहान मूल असेल तर ती वस्तू नकोच.

जवसाच्या तेलाची शिफारस सगळीकडे ऐकू येते. जुन्या पॉलिशवर ते लावू नका. चिकट राहतं, धूळ धरतं आणि काळवंडतं. त्यातही तेलाचे फडके चुरगाळून डब्यात टाकणं धोक्याचं आहे, ते आपोआप तापून पेट घेतात. सपाट पसरून वाळवायचे, मग टाकायचे.

पाचवी पायरी: आरसा

दारात आरसा हवाच, आणि जुना आरसा ही जुन्या वस्तूंतली सगळ्यात सोपी सुरुवात. १८३५ मध्ये युस्टस फॉन लीबिग यांनी काचेवर चांदीचा थर बसवण्याची रासायनिक रीत मांडली. त्याआधी, आणि नंतरही बरीच वर्षं, काचेमागे कथील आणि पाऱ्याचा लेप असायचा. अशा आरशात प्रतिमा किंचित करडी दिसते आणि कडेला बारीक चमचमणारे ठिपके असतात. त्याची पाठ खरवडू नका, उघड्या हाताने चाचपू नका; चौकटीच्या तळाशी पाऱ्याचे थेंब दिसले तर तो जाणकाराकडेच न्या.

काळे डाग आलेला आरसा फेकू नका आणि घाईने नवी काचही बसवू नका. चेहरा नीट दिसायला हवा असेल तर दुसरीकडे नवा आरसा लावा. हा उजेड परतवायचं काम करत राहील. पुसताना पाणी काचेवर फवारायचं नाही, फडक्यावर घ्यायचं. कडेने आत गेलेला एक ओघळ पाठीचा लेप खातो.

वजनाचा हिशोब सोपा आहे. एक चौरस मीटर काचेचं वजन दर मिलिमीटर जाडीला अडीच किलो. म्हणजे चार मिमी काच दहा किलो, सहा मिमी पंधरा, वर चौकट वेगळी. जुन्या दोरीवर आणि जुन्या कड्यावर विश्वास ठेवू नका. चौकटीच्या दोन्ही बाजूंना नवी कडी, भिंतीत दोन स्वतंत्र प्लग आणि स्क्रू, आणि पोकळ भिंत असेल तर तिच्यासाठीचे वेगळे अँकर. आरशाचा मध्य जमिनीपासून १४५ ते १५० सेंमीवर ठेवला तर बहुतेकांना पुरतो. समोर दाराबाहेरचं काय दिसतं, तेही बसवण्याआधी कुणाला तरी आरसा धरायला सांगून बघा. चपलांचा ढीग दुप्पट दिसू लागला तर जागा चुकली.

सहावी पायरी: खुंट्या, दिवा, गालिचा

जुन्या पितळी किंवा ओतीव खुंट्या सुट्या घेऊन एका जुन्या फळीवर बसवणं हा माझा आवडता उपाय, कारण भिंतीत भोकं फळीपुरतीच पडतात आणि खुंट्या हव्या तेव्हा बदलता येतात. मोठ्यांसाठी १६५ सेंमी, मुलांसाठी ११० सेंमी, दोन खुंट्यांत किमान १५ सेंमी. खुंट्या सारख्या नसल्या तरी चालतं, पण धातू एकच ठेवा. टांगलेला कोट भिंतीपासून वीसेक सेंमी बाहेर येतो, ही जागा पहिल्या पायरीच्या हिशोबात धरलेली हवी.

जुन्या दिव्याच्या बाबतीत नियम एकच: आतली वायर नवी. कापडात गुंडाळलेलं जुनं रबरी आवरण हात लावताच भुगा होतं. इलेक्ट्रिशियनकडून पूर्ण वायरिंग, नवा होल्डर आणि धातूच्या सांगाड्याला अर्थिंग करून घ्या. छताला टांगलेल्या कंदिलाचा तळ जमिनीपासून २१० सेंमीच्या वर ठेवा आणि दार उघडताना त्याला लागत नाही ना ते बघा. बल्ब २७०० केल्विनचा, म्हणजे पिवळसर उजेडाचा, एलईडी. पांढऱ्याशुभ्र उजेडात जुनं लाकूड आणि पितळ दोन्ही मेल्यासारखी दिसतात.

जुना गालिचा घेताना एक घडी हलकेच दाबा. आतून करकर आवाज आला तर ताणाबाणा कुजला आहे. तो भिंतीवर शोभेल, पायाखाली फाटेल. रंग जातो का ते दमट पांढऱ्या कापडाने तपासा. दाराखालची फट मोजूनच जाडी ठरवा, म्हणूनच सपाट विणीचे किलीम इथे जाड लोकरीपेक्षा सोयीचे. खाली न घसरणारी जाळी हवीच. बाहेरून येणारी वाळू लोकरीचे धागे कापते, तेव्हा गालिच्याच्या आधी एक साधं खरखरीत पायपुसणं ठेवा. दर सहा महिन्यांनी गालिचा टोकाकडून टोकाकडे फिरवा.

फर्निचरच्या पायांचाही विचार इथेच करा. फरशी पुसताना पाणी पायाच्या तळातून वर चढतं, कारण लाकडाच्या उघड्या टोकांतून ते झपाट्याने शोषलं जातं. पायाच्या तळाला मेण जिरवा आणि खाली पातळ पितळी किंवा नायलॉनच्या चकत्या द्या.

उंच वस्तू भिंतीला बांधायचीच, मग ती कितीही जड असो. हॉलस्टँडला वर आरसा आणि कोट, खाली बारीक पाय. एखादं मूल खुंटीला लोंबकळलं की तो पुढे येतो. मागच्या चौकटीतून भिंतीत एक पट्टी पुरते.

घड्याळ आणि हवामानयंत्र, हवं असेल तर

घड्याळ आणि हवेचा दाब दाखवणारं हवामानयंत्र (बॅरोमीटर), या दोन वस्तूंची या जागेशी जुनी सोयरीक आहे. उंच उभं घड्याळ पाणसळ लावून अगदी स्थिर उभं करा आणि पाठीतून भिंतीला बांधा, कारण त्याचा जवळपास एक मीटरचा लंबक हलका सांगाडाही डोलवतो. टिक आणि टॉक यांमधलं अंतर सारखं ऐकू आलं पाहिजे. लंगडत असेल तर घड्याळ थोड्या वेळाने थांबतं. हलवताना आधी वजनं, मग लंबक काढायचा. आठ दिवसांच्या घड्याळातलं एकेक वजन पाच-सहा किलोचं असतं.

जुन्या हवामानयंत्रांत उभी काचनळी असेल तर आत पारा आहे. लहान मुलं आणि प्राणी असलेल्या घराच्या वर्दळीच्या दारात ते मला पटत नाही. १८४० च्या दशकात ल्युसिएन विदी यांनी काढलेल्या अ‍ॅनेरॉइड प्रकारात पारा नसतो, तबकडी गोल असते आणि किंमतही बेताची, तेच घ्या. विसाव्या शतकातल्या घड्याळाचे आकडे अंधारात चमकण्यासाठी रंगवलेले असतील तर त्यात रेडियम असू शकतं. चमक गेली तरी रेडियम जात नाही, त्याचं अर्धायुष्य साधारण सोळाशे वर्षांचं आहे. काच बंद ठेवा, तबकडी खरवडू नका.

रोजचं आणि वर्षाचं

दारातल्या हवेत दिवसभर चढउतार होतो. लाकडाला ४० ते ६० टक्के आर्द्रता मानवते. थेट ऊन आणि एसीचा झोत दोन्ही टाळा. टेबलाच्या पानावर किल्ल्यांसाठी तबक ठेवा, त्याखाली फेल्ट लावून. वर्षातून एकदा, फार तर दोनदा, मधमाशीच्या मेणाचा पातळ हात द्या आणि चमक येईपर्यंत कापडाने चोळा. सिलिकॉनचे स्प्रे वापरू नका. पुढे कधी पॉलिश करायचं झालं तर नवा थर धरत नाही. पितळ दर आठवड्याला लखलखीत करायची गरज नाही, त्याने कोरीवकाम झिजतं आणि पॉलिशचा पांढरा चुरा कडांत बसतो.

खरेदीची पावती, वस्तूबद्दल विक्रेत्याने सांगितलेलं आणि नंतर केलेल्या प्रत्येक दुरुस्तीची नोंद एका पाकिटात घालून ते खणाच्या तळाशी सुटंच ठेवा. चिकटपट्टीने लावू नका, ती काढताना पॉलिश सोबत येतं.